भारताच्या मुली रग्बीत २१-१९ ने जिंकल्या, व्हिडिओ व्हायरल झाला, पण खालच्या श्रेणीचा हंगाम नेमका असतो तरी कसा?

जून २०१९. ठिकाण, फिलिपिन्समधलं मनिला. मैदानावर भारताच्या मुली एकमेकींना मिठ्या मारून रडत होत्या. त्यांनी सिंगापूरला २१-१९ ने हरवलं होतं. पंधरा खेळाडूंच्या रग्बीत भारताच्या महिला संघाचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय होता.

व्हिडिओ भरपूर फिरला, कौतुकही भरपूर झालं. मात्र तो सामना कुठल्या स्पर्धेतला होता, तिथं किती संघ होते आणि जिंकल्यावर भारताला काय मिळालं, हे प्रश्न फार जणांना पडले नाहीत. आणि त्यानंतर हा संघ पुन्हा बातम्यांत फारसा का दिसला नाही, हेही कुणी विचारलं नाही.

या सगळ्याचं उत्तर एकाच गोष्टीत सापडतं. ती म्हणजे जागतिक रग्बीतल्या खालच्या श्रेणीचा हंगाम.

आधी खेळ समजून घेऊ, कबड्डीच्या भाषेत

बाळापूर, अकोट, दर्यापूर, अचलपूर, आपल्या वऱ्हाडात कुठंही गेलात तरी कबड्डी समजावून सांगावी लागत नाही. रग्बी मात्र समजावून सांगावी लागते. म्हणून कबड्डीपासूनच सुरुवात करू.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला मधली रेषा गाठू द्यायची नसते. रग्बीत उलट्या बाजूनं तेच असतं. बॉल हातात घेतलेल्या खेळाडूला समोरच्या संघाची रेषा ओलांडून बॉल जमिनीला टेकवायचा असतो आणि समोरचे त्याला अडवतात. कंबरेला मिठी मारून पाडणं, मांड्या धरणं, घोट्याला हात घालणं, हे कबड्डीच्या पोरांना शिकवावं लागणार नाही. खांद्याच्या वर मात्र पकड चालत नाही. हातांनी न धरता नुसता धक्का मारला तर तोही फाऊल.

बॉल हातानं फक्त मागं किंवा आडवा द्यायचा, पुढं फेकायचा नाही. पुढं जायचं तर स्वतः पळा, नाहीतर लाथेनं मारा.

आता गुण. रेषेपलीकडं बॉल टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ५. त्यानंतर गोलच्या दोन खांबांमधून, आडव्या दांडीच्या वरून किक मारली की आणखी २. समोरच्या संघानं मोठी चूक केली की पेनल्टी किक, तिचे ३. चालू खेळात बॉल टप्पा खाऊन उठताना मारून खांबांमधून काढला तर त्याचेही ३.

मनिलातला निकाल आता पुन्हा बघा. सामना संपत आला होता आणि भारत एका गुणानं मागं होता. तेव्हा पेनल्टी मिळाली आणि ओडिशाच्या सुमित्रा नायकनं ती खांबांमधून काढली. १८-१९ चं २१-१९ झालं. संघाची कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरूचा, पेशानं फिजिओथेरपिस्ट.

ती स्पर्धा कोणती होती?

आशियाई महिला रग्बी चॅम्पियनशिपची ती पहिली श्रेणी होती. ‘पहिली श्रेणी’ ऐकल्यावर ही सगळ्यात वरची असेल असं वाटतं, पण तसं नाही. तिच्या वर मुख्य चॅम्पियनशिप असते, ज्यात जपान, हाँगकाँगसारखे संघ येतात. म्हणजे ही खरं तर दुसऱ्या पायरीवरची स्पर्धा.

मनिलात भारतासोबत यजमान फिलिपिन्स आणि सिंगापूरसारखे मोजके संघ होते. भारत फिलिपिन्सकडून हरला आणि सिंगापूरविरुद्ध जिंकला. झाला हंगाम. वर्षभराची तयारी, शिबिरं, विमानाची तिकिटं, आणि शेवटी मोजून दोन सामने.

या संघानं पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तोच मुळी जून २०१८ मध्ये, सिंगापूरमध्ये. म्हणजे पहिल्या सामन्यानंतर एका वर्षात पहिला विजय आला. कोणत्याही नव्या संघासाठी ही वाटचाल वेगवान आहे. पण पुढच्याच वर्षी कोविड आला आणि आशियातल्या स्पर्धा बंद पडल्या. ज्या संघाच्या हंगामात दोनच सामने असतात, त्याचं एक वर्ष बुडालं की उरतं शून्य.

क्रिकेटमध्ये एक मालिका गेली तर महिनाभरात दुसरी येते. इथं तसं नसतं.

पुरुषांची शिडी याहून लांब

आशियातल्या पुरुष संघांसाठी वर मुख्य चॅम्पियनशिप आणि तिच्याखाली पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीत प्रवासखर्च वाचावा म्हणून भागानुसार गट पाडतात. भारताचा पुरुष संघ गेल्या काही वर्षांत तिसऱ्या श्रेणीच्या दक्षिण गटात, बांगलादेश आणि नेपाळसारख्या शेजाऱ्यांशी खेळला आहे.

वरच्या टोकाला काय चाललंय? २०२५ च्या मुख्य चॅम्पियनशिपमध्ये हाँगकाँग, दक्षिण कोरिया, संयुक्त अरब अमिरात आणि श्रीलंका हे चार संघ होते. जुलै २०२५ मध्ये हाँगकाँगनं दक्षिण कोरियाला ७०-२२ ने हरवलं आणि २०२७ च्या ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्डकपचं तिकीट मिळवलं. त्या वर्ल्डकपमध्ये पहिल्यांदाच २४ संघ असतील.

श्रीलंकेचं नाव पुन्हा एकदा वाचा. लोकसंख्येनं आपल्या महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान देश, पण तिथं शाळाशाळांत रग्बी रुजलेली आहे. शाळांचे सामने बघायला तिथं मैदानं भरतात. राष्ट्रीय संघ वरच्या पायरीवर आहे, कारण खाली वर्षभर खेळ चालू असतो.

मोठा विजय मिळवूनही गुण का मिळत नाहीत?

या विषयातली ही गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते.

जागतिक क्रमवारीत प्रत्येक देशाला ० ते १०० मधले गुण असतात. सामना झाला की हे गुण नव्यानं तयार होत नाहीत. हरणाऱ्याच्या खात्यातून जितके जातात, तितकेच जिंकणाऱ्याच्या खात्यात येतात. साधारण सारख्या ताकदीचे संघ असतील तर विजयाला सुमारे एक गुण. १५ पेक्षा जास्त फरकानं जिंकलात तर त्याच्या दीडपट. घरच्या मैदानावर खेळणाऱ्याचे ३ गुण जास्त आहेत असं धरून हिशेब होतो. वर्ल्डकपमध्ये ही देवाणघेवाण दुप्पट होते.

खरी गोम पुढं आहे. दोन संघांमधलं अंतर १० गुणांहून जास्त असेल, तर वरच्या संघाला जिंकून काहीच मिळत नाही.

उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा तुमच्याकडं ३५ गुण आहेत आणि समोरच्याकडं २०. तुम्ही त्याला ८०-० ने धुतलंत तरी तुमच्या खात्यात शून्य. बातमीत मात्र ‘दणदणीत विजय’. याउलट ४० गुणांच्या संघाला एका गुणानं हरवलंत तर तुम्ही खरोखर वर सरकता.

म्हणजे खालच्या श्रेणीत अडकलेल्या संघाची कोंडी अशी असते. दुबळ्यांशी जिंकून वर जाता येत नाही आणि तगड्यांशी सामनेच मिळत नाहीत. सामने नाहीत म्हणून क्रमवारी नाही. क्रमवारी नाही म्हणून प्रायोजक नाही. प्रायोजक नाही म्हणून सामने नाहीत.

म्हणून २१-१९ मोठा होता. सिंगापूर हा भारतापेक्षा जास्त मुरलेला संघ होता, वर्षभरापूर्वी त्यांनी आपल्याला हरवलंही होतं. अशा संघावर दोन गुणांनी मिळवलेला विजय शेजाऱ्यावरच्या शंभर गुणांच्या विजयापेक्षा वजनदार.

मग सगळा पैसा ‘सेव्हन्स’कडं का जातो?

रग्बीचे दोन प्रकार सध्या भारतात चालतात. एक पंधरा जणांचा, ८० मिनिटांचा. दुसरा ‘सेव्हन्स’, म्हणजे सात जणांचा. मैदान तेवढंच मोठं, पण सामना फक्त १४ मिनिटांचा.

पंधरा जणांची रग्बी ऑलिंपिकमध्ये शेवटची झाली ती १९२४ मध्ये. सेव्हन्स आलं २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकला. आशियाई स्पर्धांतही आता सेव्हन्सच आहे आणि आपल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही सेव्हन्सच. सरकारी मदत पदकाच्या मागं जाते, म्हणून भारतात रग्बीचा बहुतेक जोर सेव्हन्सवर आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या स्टेडियमवर सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सेव्हन्सची.

यात चूक काही नाही. संघ लहान, खर्च कमी, एका दिवसात तीन-तीन सामने. मुलींनी त्यात नावही कमावलं. २०२२ मध्ये जकार्त्यात आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत भारताच्या महिला संघानं रौप्य मिळवलं.

पण पंधरा जणांच्या खेळात एक गोष्ट आहे जी सेव्हन्समध्ये नाही. सेव्हन्सला वारा प्यायलेली पोरं लागतात, सगळी वेगवान. पंधरा जणांत मात्र सगळ्या अंगकाठीला जागा असते. स्क्रममध्ये पहिल्या रांगेत उभा राहणारा गडी जाडजूड, बैलासारख्या ताकदीचाच हवा. लाइनआउटमध्ये बॉल झेलायला उंच पोरगा हवा. स्क्रममधून बॉल काढून पुढं द्यायला बुटका, चपळ, डोकेबाज पोरगा हवा. कबड्डीत वजनाची मर्यादा आडवी येते. धावण्यात जाडा पोरगा आधीच बाद होतो. ‘तुझं खेळात काही काम नाही’ असं शाळेत ज्याला ऐकावं लागतं, त्याला या खेळात खरोखर काम आहे.

आणि इथंच धोकाही आहे. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांना रेटतात. तंत्र कच्चं असेल तर मान आणि खांद्याला गंभीर दुखापत होऊ शकते. वर्षाला दोन सामने खेळणारा संघ सरावलेल्या संघापुढं उभा केला, की प्रश्न फक्त हरण्याचा राहत नाही, अंगाचा होतो. खालच्या श्रेणीत सामने वाढावेत असं म्हणण्यामागं हे एक मोठं कारण आहे.

पैसा आणि कप होता, क्लब टिकला नाही

भारतात रग्बी नवी आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात इंग्रजांनी आपसांत सामना खेळला आणि १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. त्यात रग्बी खेळली जायची. पुढं सदस्य कमी झाले, क्लब मोडला. खात्यात उरलेले चांदीचे २७० रुपये वितळवून त्यांनी एक कप घडवला आणि इंग्लंडला देऊन टाकला. त्याच ‘कलकत्ता कप’साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळतायत. कपाच्या कानांवर भारतीय नाग आहेत, झाकणावर हत्ती आहे.

बाळापूरवरून जाणारा जुना सहा नंबरचा हायवे पकडला तर आपण त्याच कोलकात्याला पोचतो. पण तिथला खेळ या रस्त्यानं वऱ्हाडात कधी आला नाही. तो मुंबईत बॉम्बे जिमखान्यासारख्या ठिकाणी, लष्करात आणि मोठ्या शहरांच्या क्लबांत राहिला.

याच्या शेजारी आपलीच एक गोष्ट ठेवून बघू. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. या मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. त्या काळात वऱ्हाडातून बर्लिन! आज झालं असतं तर रील्सचा पाऊस पडला असता.

पण त्या एका प्रात्यक्षिकानं कबड्डी जगाची झाली नाही. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ती पुन्हा प्रात्यक्षिक म्हणूनच होती. पदकाचा खेळ झाली १९९० मध्ये, बीजिंगला. बर्लिनपासून ५४ वर्षं. प्रो कबड्डी आली २०१४ मध्ये. या सगळ्या काळात गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, हा रहाटगाडा फिरत राहिला. कबड्डी त्यावर जगली.

कोलकात्याकडं कप होता, पण हंगाम नव्हता. कबड्डीकडं कप नव्हता, पण हंगाम होता. कोण टिकलं ते आपल्यासमोर आहे.

छोट्या गावाला यात खरंच संधी आहे का?

आहे, आणि हे फक्त धीर देण्यासाठी म्हणत नाही. उदाहरणं आहेत.

भुवनेश्वरच्या ‘किस’ या आदिवासी मुलांच्या निवासी शिक्षणसंस्थेच्या १४ वर्षांखालच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनमधली आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. सुमित्रा नायक याच संस्थेतली. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातून श्वेता शाही भारतीय संघात आली. त्याच जिल्ह्यातल्या राजगीरला ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई २० वर्षांखालची सेव्हन्स स्पर्धा झाली. राजगीर काही महानगर नाही, पण तिथं राज्य सरकारनं क्रीडा संकुल बांधलं आणि ‘पदक आणा, नोकरी मिळवा’ अशी योजना राबवली. ओडिशा आणि बिहार या दोन राज्यांनी महागडे क्लब नसतानाही भारतीय संघात मुली पाठवल्या.

आता समजा, बाळापूरच्या अकरावीतल्या एका मुलीला हा खेळ खेळायचा आहे. कबड्डी खेळते, पकड चांगली आहे. तिच्यापुढं पायऱ्या कोणत्या? शाळा-कॉलेज, मग अकोला जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय, मग शिबिर, मग भारतीय संघ. आणि शेवटी, जर स्पर्धा झालीच, तर वर्षाला दोन-तीन सामने. यातली एक पायरी जरी एखाद्या वर्षी भरली नाही, तरी तिचं वय पुढं जातं.

घरचे विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त लागते, ठराविक दर्जाची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून कुणी ‘राज्यस्तरीय निवड’ म्हणून पैसे मागितले, तर आधी तीन गोष्टी विचारा. ही स्पर्धा राज्य संघटनेची आहे का? ती संघटना भारतीय रग्बी महासंघाशी जोडलेली आहे का? आणि हे प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या पडताळणीत चालतं का? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारायला पैसे लागत नाहीत.

मग करायला काय हवं?

दोन बाजू आहेत. एक म्हणते, पंधरा जणांची रग्बी सोडा, सगळं बळ सेव्हन्सवर लावा, पदक तिथंच आहे. दुसरी म्हणते, पंधरा जणांचा खेळ नसेल तर खेळाचा पाया रुंद होत नाही.

आमच्या मते वाद आकड्यावर नाही, सामन्यांवर व्हायला हवा. सात असोत की पंधरा, वर्षाला दोन सामन्यांत संघ घडत नाही. श्रीलंका, फिलिपिन्स, सिंगापूर, मलेशिया हे आपल्या आवाक्यातले आणि आपल्यापेक्षा थोडे वरचे संघ आहेत. त्यांच्याशी ठरवून दरवर्षी सामने खेळता येतात. हरलो तरी फार गुण जात नाहीत, जिंकलो तर खरोखर वर जातो. क्रमवारीचं गणितच ते सांगतं.

आणि खाली, जिल्ह्यात, यासाठी नवं स्टेडियम लागत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान मऊ होतं, पडलं तरी फारसं लागत नाही. मुंबईतही रग्बी पावसाळ्यातच रंगते. कबड्डीच्या संघांना जून ते सप्टेंबर सेव्हन्सचे सामने खेळवले, एक प्रशिक्षित मार्गदर्शक दिला, तर वऱ्हाडात चार महिन्यांचा हंगाम उभा राहू शकतो. पकड शिकवायला मात्र जाणकारच हवा, यूट्यूब बघून स्क्रम लावू नये.

पुढच्या वेळी भारताच्या रग्बी विजयाचा व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला, तर नक्की शेअर करा. पण त्याआधी दोन गोष्टी बघा. समोरचा संघ क्रमवारीत आपल्या वर होता की खाली? आणि या संघाचा पुढचा सामना कधी आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पुढच्या वर्षी, झाला तर’ असं असेल, तर कौतुकाच्या कमेंटमध्ये तेवढी एक ओळही लिहा.